मेजावरचे रणांगण

चतुरंग हा मूळचा भारतीय खेळ. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून त्याला हे नाव पडले. इराण व अरब देशांतून प्रवास करीत तो युरोपात पोहोचला, तोवर सेनेची खूण मोहऱ्यांच्या नावापुरतीच उरली होती. बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांत डोंगर नाही, नदी नाही, चिखल नाही. प्यादे हुकूम मोडीत नाही, घोडा बुजत नाही, आणि दोन्ही खेळाडूंना सारा पट अखंड दिसत असतो. प्रत्यक्ष युद्धाशी याचा मेळ बसत नाही, ही गोष्ट अठराव्या शतकातील काही जर्मन विद्वानांना खटकू लागली. ब्रन्सविक येथील योहान हेलविग या गणिताच्या शिक्षकाने १७८० साली दीड हजारांहून अधिक घरांचा पट तयार केला आणि घरांना निरनिराळे रंग देऊन त्यावर डोंगर, दलदल व पाणी दाखविले. आज युरोप-अमेरिकेत हजारो प्रौढ माणसे शिशाच्या अथवा प्लास्टिकच्या इवल्याशा शिपायांच्या साहाय्याने इतिहासातील लढाया मेजावर मांडून खेळतात. त्या छंदाची वंशावळ या पटापासून सुरू होते.

पुढचे पाऊल प्रशियात पडले. बॅरन फॉन राइसविट्झ याने घरे टाकून दिली आणि सैन्याला खऱ्या जमिनीप्रमाणे कोणत्याही दिशेने हलण्याची मोकळीक दिली. १८१२ साली त्याने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यापुढे हा खेळ मांडला. त्यासाठी एक खास मेजच बनविण्यात आले होते. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. आता मेजाऐवजी १ : ८,००० या प्रमाणाचा नकाशा आला आणि पलटणींच्या जागी लहान लहान तांबडे व निळे ठोकळे आले. प्रत्येक चाल म्हणजे युद्धातील दोन मिनिटे, असे ठरले. गोळागोळीचा परिणाम फाशांवर आणि कोष्टकांवर सोपविण्यात आला. परंतु या नियमांतील खरी नवलाई पंचाच्या भूमिकेत होती. खेळाडू आपले हुकूम पंचाकडे लेखी देत. एखादी पलटण शत्रूच्या दृष्टिपथात आली असे पंचाला वाटले तरच तिचा ठोकळा नकाशावर मांडला जाई. टेकडीआड दडलेले सैन्य नकाशावर नसेच. सेनापती म्युफलिंग याने प्रथम या खेळाकडे फारशा उत्साहाने पाहिले नव्हते. पण तो पाहता पाहता त्याचे मत पालटले व हे तर युद्धाचे शिक्षणच आहे, असे तो म्हणाल्याचे सांगतात. त्याच्या शिफारशीवरून हा खेळ सैन्यात पोहोचला. तरुण राइसविट्झला मात्र त्याचे सुख लाभले नाही. १८२७ साली त्याने आत्महत्या केली. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर इतर देशांच्या सेनांनीही या खेळाचा अभ्यास सुरू केला.

ही झाली लष्करी शाखा. दुसरी शाखा मुलांच्या खेळण्यांतून फुटली. १८९३ साली विल्यम ब्रिटन या इंग्रज कारखानदाराने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली. धातू कमी लागल्याने किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांत ५४ मिलिमीटर उंचीच्या पलटणी उभ्या राहिल्या. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या छोट्या पुस्तकात याच शिपायांसाठी नियम लिहिले. पायदळाने एका खेपेस एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट. तोफा खेळण्यातल्याच, पण कमानीच्या जोरावर लाकडी गोळी फेकणाऱ्या; गोळी लागून जो आडवा पडेल तो मेला. चाल घड्याळ लावून संपवायची. पुस्तक विनोदी आहे, पण त्याच्या अखेरीस वेल्स गंभीर होतो. मोठी युद्धे या छोट्या युद्धांच्या तुलनेत किती मूर्खपणाची असतात, हे ज्याला शंका असेल त्याने हा खेळ खेळून पाहावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

या दोन शाखा एकत्र येऊन आजचा छंद आकाराला आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी याने स्वस्त प्रतिमा ओतण्यास आरंभ केला आणि १९५७ साली छंदिष्टांसाठी एक नियतकालिक काढले. इंग्लंडमध्ये महायुद्धात रणगाडा दलात काम केलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन याचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि एकेकट्याने खेळणाऱ्या शेकडो लोकांना आपल्यासारखे इतरही आहेत असे कळले. १९६९ साली फिल बार्कर व त्याच्या सहकाऱ्यांनी प्राचीन काळातील युद्धांसाठी नियम प्रसिद्ध केले. शस्त्रे, चिलखते व व्यूह यांचा आधार ग्रंथांत शोधण्याची शिस्त त्यांनी लावली. तेव्हापासून या छंदाला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण शोभू लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

नवख्या माणसाला मेजाजवळ उभे केले तर तो प्रथम गोंधळतो. हिरव्या कापडावर चार-सहा घरे, दोनतीन झाडे आणि मध्येच शिपायांच्या रांगा. एका घराएवढे उंच शिपाई पाहून त्याला हसूही येते. येथे पहिला संकेत समजून घ्यावा लागतो. प्रतिमेची उंची एका प्रमाणात असते आणि जमिनीचे अंतर दुसऱ्याच प्रमाणात. समजा, मेजावरील एक इंच म्हणजे रणांगणावरील ५० यार्ड. तर १०० यार्डांवर मारा करणाऱ्या बंदुकीचा पल्ला दोन इंच भरेल. पण एक इंच उंचीचा शिपाई त्याच हिशेबाने १५० फूट उंच ठरतो! म्हणून तीन घरे म्हणजे एक गाव, पाच झाडे म्हणजे अरण्य, असे दोन्ही खेळाडू मान्य करतात. नाटकात दोन भालदार उभे राहिले की प्रेक्षक राजदरबार समजून घेतो, तद्वतच हे आहे.

दुसरा संकेत संख्येचा. एक प्रतिमा म्हणजे एक माणूस नव्हे. पुष्कळ नियमांत ती वीस माणसांच्या जागी उभी असते, काहींत पन्नासांच्या. तिच्या पायाखालच्या पट्टीची रुंदी ठरलेली असते, कारण पलटणीने अडविलेली जागा त्यावरून मोजायची असते. प्रतिमा पटावरून उचलली म्हणजे वीस माणसे मेली असेही समजायचे नसते. काही मेले, काही जखमी झाले, काही जखमींना उचलून मागे गेले ते परतलेच नाहीत, काही खड्ड्यात दडून बसले. एवढी माणसे आता लढण्याच्या कामी येणार नाहीत, इतकाच तिचा अर्थ.

तिसरा संकेत मनोधैर्याचा. बुद्धिबळातील प्यादे शेवटपर्यंत उभे असते. खरी पलटण मात्र शेवटचा माणूस पडेपर्यंत क्वचितच लढते. त्याच्या पुष्कळ आधी ती थबकते, मागे सरते किंवा पळ काढते. म्हणून पलटणीची हानी झाली, शेजारची पलटण फुटली किंवा बगलेवर शत्रू दिसला, की खेळाडूला फासे टाकून तिची परीक्षा द्यावी लागते. कसलेल्या शिपायांना अधिक गुण, नवख्यांना कमी. फाशांमुळे खेळ नशिबाच्या हाती जातो, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर उपायही निघाले आहेत. बार्करच्या मंडळींनी वापरात आणलेल्या एका फाशावर १ आणि ६ हे आकडेच नसतात. २, ३, ३, ४, ४, ५ अशा त्याच्या बाजू असतात, म्हणजे टोकाचे निकाल टळतात. तरीही फासा समूळ काढून टाकावा असे जाणते खेळाडू म्हणत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. पुढे काय होईल हे पक्के ठाऊक असलेला सेनापती कोणत्याच युद्धात नव्हता.

या सर्व संकेतांची खरी कसोटी लागते ती एखादी विशिष्ट लढाई मांडताना. उदाहरणासाठी आजच्या जालना जिल्ह्यातील असईची लढाई घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याची येथे शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी गाठ पडली. त्याच्याजवळ सुमारे ९,५०० माणसे होती. समोर हॅनोव्हरचा अँथनी पोलमन याच्या हाताखालचे सुमारे १०,८०० कवायती पायदळ, शंभराहून अधिक तोफा आणि ३०,००० हून अधिक घोडेस्वार होते. वीस माणसांस एक या हिशेबाने निव्वळ घोडदळालाच १,५०० प्रतिमा लागतील. एक प्रतिमा रंगविण्यास तासभर धरला तर १,५०० तास! सुदैवाने ते घोडदळ त्या दिवशी बहुतांशी लढाईत उतरलेच नाही. त्यामुळे खेळाडू थोड्या प्रतिमांवर भागवितात.

मराठ्यांची फळी केळना नदीच्या उत्तर काठाला, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे होते. वेलस्लीच्या वाटाड्यांनी जवळपास दुसरा उतार नाही असे सांगितले. पण पूर्वेकडे नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे त्याला दिसली. समोरासमोर वसलेल्या गावांच्या मध्ये ये-जा करण्यास उतार असणारच, असे अनुमान करून त्याने सैन्य तिकडे वळविले, आणि उतार निघाला. मेजावर हे कसे दाखवायचे? नकाशावर उतार आधीच रेखाटलेला असेल तर खेळाडूला अनुमान करावेच लागत नाही. पुष्कळदा सोयीसाठी खेळ सुरूच होतो तो वेलस्ली नदी ओलांडून गेल्यानंतर, दोन्ही फळ्या एकमेकींसमोर आल्यावर. त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा निर्णय पहिला फासा पडण्यापूर्वीच संपलेला असतो. अशा मांडणीत देखावा उत्तम साधतो, इतिहास अर्धाच हाती लागतो.

चूक वेलस्लीचीही झाली. शत्रू इतक्या थोड्या वेळात आपली फळी वळवू शकणार नाही, असे त्याने गृहीत धरले होते. पोलमनच्या पलटणींनी ती कवायतीत नव्वद अंशांतून फिरवून केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पूर्वाभिमुख उभी केली. मग ऑरक या अधिकाऱ्याच्या हाती उजव्या बाजूच्या तुकड्या होत्या, त्याने हुकुमाचा अर्थ चुकीचा घेतला. थोडे उजवीकडे सरून जागा करून देण्याऐवजी तो सरळ असई गावाच्या रोखाने, तोफांच्या माऱ्यात, चालत गेला. त्याच्यामागून ७४ वी हायलँडर पलटणही गेली. तिचे सुमारे ४०० लोक मेले किंवा जखमी झाले. उरलेल्यांनी कसाबसा चौक रचून टिकाव धरला आणि मॅक्सवेलच्या घोडदळाने त्यांना सोडविले. दुसऱ्या बाजूस, इंग्रजांची फळी तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. अखेर ९८ तोफा वेलस्लीच्या हाती पडल्या, पण त्याचे १,५८४ लोक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

वरून सारे मेज पाहणारा आणि प्रत्येक प्रतिमा स्वतःच्या हाताने हलविणारा खेळाडू ऑरकची चूक करूच शकत नाही. त्याची सेना त्याच्या बोटांइतकी आज्ञाधारक असते. म्हणून गेल्या काही दशकांतील नियमकर्त्यांचे बहुतेक श्रम खेळाडूची ही सर्वज्ञता व सर्वसत्ता काढून घेण्यात खर्ची पडले आहेत. लॅरी ब्रॉमच्या १९७९ च्या नियमांत पत्त्यांचा जोड पिसून ठेवतात. तांबडे पान निघाले तर इंग्रजांची एक तुकडी हलते, काळे निघाले तर त्यांच्या शत्रूची. आपली पाळी केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते. ‘ब्लॅक पावडर’ (२००९) या नियमपुस्तकात खेळाडूने हुकूम आधी मोठ्याने उच्चारायचा आणि मग दोन फासे टाकायचे. बेरीज अधिकाऱ्याच्या योग्यतेपेक्षा जास्त झाली तर पलटण जागची हलत नाही. दोन्ही फाशांवर सहा पडले तर हुकुमाचा विपर्यास होतो आणि ती भलतीकडे चालू लागते. छत्तीस वेळांत सरासरी एकदा असे घडते. ऑरकची जागा या छत्तिसाव्या भागात आहे. आणखी एक युक्ती अशी की लढाईचे नाव व काळ बदलून ती मांडावयाची. असईची मांडणी कोणा काल्पनिक युरोपीय नदीकाठी केली तर इतिहास वाचून आलेल्या खेळाडूलाही उतार कोठे आहे ते सांगता येत नाही.

दृष्टी मर्यादित करण्याचा सर्वांत परिणामकारक प्रयोग छंदिष्टांनी नव्हे, तर युद्धात गुंतलेल्या नौदलाने केला. जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटिश मालवाहू जहाजे बुडवीत होत्या, तेव्हा जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याच्या हाताखाली एक पथक उभारण्यात आले. एका मोठ्या खोलीची जमीन हाच त्यांचा समुद्र. महिला नौसेवेतील तरुणी खडूने जहाजांचे मार्ग रेखीत, आणि खेळणारे अधिकारी भोवतालच्या पडद्यांमागे बसून लहानशा फटीतून पाहत. पाणबुडीचा मार्ग अशा रंगाच्या खडूने काढीत की फटीतून तो दिसू नये. समुद्रावरील संरक्षक नौकेच्या कप्तानाला जेवढे दिसले असते, तेवढेच येथे दिसे. या जमिनीवर तयार झालेले डावपेच प्रत्यक्ष वापरात आले आणि पुढे हजारो अधिकारी तेथे शिकून गेले.

छंद म्हणून खेळणाऱ्यांना अर्थातच कोणाचे जहाज वाचवायचे नसते. त्यांच्यात जे शिष्टाचार रूढ झाले आहेत ते दीर्घ अनुभवातून आलेले आहेत. दुसऱ्याच्या प्रतिमेला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण तिच्यावर कोणाचे तरी कित्येक तास खर्च झालेले असतात. तिरका अडकलेला किंवा मेजावरून खाली पडलेला फासा पुन्हा टाकावा. नियमाच्या अर्थावरून वाद निघाला तर फासा टाकून तात्पुरता निकाल घ्यावा, खेळ पुढे न्यावा आणि चर्चा नंतर करावी. नियमांच्या शब्दांचा कीस काढून प्रत्येक चाल जिंकू पाहणारा वकिली वृत्तीचा खेळाडू सर्वत्र आढळतो. त्याच्याशी दुसऱ्यांदा खेळण्यास लोक फारसे राजी नसतात.

मेळाव्यांचीही एक परंपरा आहे. गॅरी गायगॅक्स याने १९६८ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी भरविलेला मेळावा आता सर्व प्रकारच्या खेळांचा झाला आहे. ऐतिहासिक लघुप्रतिमांसाठी अमेरिकेत ‘हिस्टॉरिकॉन’ आणि लंडनमध्ये ‘सॅल्यूट’ हे विशेष ख्यातनाम. मेळाव्यात दोन तऱ्हांचे खेळ मांडतात. एक प्रदर्शनाचा: महिनोन्‌महिने खपून केलेला देखावा, जो पाहावा, त्याविषयी विचारावे, पण हात लावू नये. दुसरा सहभागाचा: साधे नियम, तासाभरात संपणारी लढाई, आणि कोणीही अनोळखी पाहुण्याने यावे व एका पलटणीचे अधिपत्य घ्यावे. शेजारी विक्रेत्यांची दुकाने व जुन्या प्रतिमांचा बाजार. एखाद्या वृद्ध खेळाडूने वीस वर्षे रंगविलेले सैन्य तेथे नव्या मालकाच्या हाती जाताना दिसते.

या छंदावर घेतला जाणारा गंभीर आक्षेप येथेच नोंदविला पाहिजे. माणसांच्या मरणाची करमणूक करावी काय? खेळाडूंची उत्तरे निरनिराळी आहेत. कोणी केवळ जुन्या काळच्या लढाया खेळतात, कोणी स्वतःच्या हयातीतील युद्धांना हात लावीत नाहीत, आणि कत्तली, लूट व दुष्काळ यांचे नियम सहसा कोणीच लिहीत नाही. शेवटची गोष्ट सभ्यतेची खरी. पण तिच्यामुळे मेजावरचे युद्ध खऱ्याहून स्वच्छ दिसते, हेही तितकेच खरे. वसाहतकालीन लढायांत आणखी एक दोष शिरतो. इंग्रजी नियमांत पूर्वी इंग्रजेतर सैन्याला सरसकट ‘नेटिव्ह’ म्हणून एकच साचा लावीत, जणू पोलमनचे कवायती पायदळ आणि डोंगरी टोळी यांत फरकच नसावा. असईला वेलस्लीच्या पायदळाच्या सात पलटणींपैकी पाच मद्रासच्या हिंदी शिपायांच्या होत्या. त्या मेजावर प्रतिमा प्रामाणिकपणे रंगविल्या तर दोन्ही बाजूंना बहुसंख्य चेहरे सावळेच असावयास हवेत, आणि अलीकडे जाणकार खेळाडू ते तसे रंगवितात.

ज्यास इतका खर्च व वेळ झेपणार नाही त्याच्यासाठी बार्करनेच १९९० साली ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नावाने अगदी आटोपशीर नियम रचले. प्रत्येक बाजूला फक्त बारा पट्ट्या, दोन फुटांचे चौकोनी मेज, एखाद्या तासाचा खेळ. प्रत्येक पाळीला खेळाडू एक फासा टाकतो. जितके दान पडेल तितक्याच पट्ट्या किंवा पट्ट्यांचे एकसंध गट त्या पाळीत हलविता येतात. एक पडले तर बाकीचे सैन्य पाहत उभे राहते. साधारणपणे एका बाजूने चार पट्ट्या, आणि त्याही शत्रूहून अधिक, गमावल्या की लढाई संपते. प्रतिमा मिळाल्या नाहीत तर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर पलटणींची नावे लिहूनही भागते. राइसविट्झच्या नकाशावर तरी ठोकळ्यांपलीकडे दुसरे काय होते!